पाचपैकी पाच तारे

हॅलो? हं, ताई, बोल… पेशंट आहेत खुर्चीत, पण त्यांचं तोंड माझ्या ताब्यात आहे. बोल तू.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोन कान आणि खांदा यांच्यात दाबला.

हो, हो, येते की सहाला वाचक मंडळात. ते आजोबा तर वेळेआधीच पोचतील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्या माणसाने… अगं तेच, लहानपणी नाझींपासून वाचवायला दोन वर्षं कपाटात लपवलेले. कवळीचं माप घेताना सांगितलं मला. म्हणून तर ज्यूंच्या छळावरच्या कादंबरीच्या चर्चेला त्यांनाच बोलावलं…

सगळ्यांना आवडली? पाचपैकी पाच?… चार द्यायला लाज वाटली? बरोबर आहे, छळछावणीला चार कसे देणार.

…लावले म्हणजे?

हातातली सुई हवेतच थांबली. खुर्चीतल्या गृहस्थांनी डोळे उघडले.

दर महिन्याला लावतो, माहीत आहे गं! पुस्तक आवडेल तेवढे तारे छातीवर टाचायचे, मंडळाची पद्धत… रंग कुठला?

पिवळा.

अगं ऐक ना… निळा घोटीव कागद संपला होता म्हणून?… ताई, तू वाचलीस ना कादंबरी? मग त्यातल्या पोराच्या कोटावर नाझींनी काय शिवायला लावलं होतं?… हो. पिवळा तारा, ज्यू ओळखायला. आजोबांच्याही कोटावर होता… तो लागल्यावर नाव कोणी विचारलं नाही, म्हणाले होते.

काढ! अकरा जणी, पाच-पाच… पंचावन्न तारे, ताई!

चूळ नका भरू हो, थांबा जरा.

…बेल वाजली? उघडू नका!… कोणी उघडलं?

…निघून गेले का?… दारातच? काय करतायत?… तुमच्या टाचण्या काढतायत? स्वतः? एकेक?… आणि तुम्ही?… रांगेत?! रांग कशाला लावलीत, मोडा आधी!… आजोबाच 'राहू द्या' म्हणाले? बरं. मग उभ्या राहा.

रडतायत का ते?… तू रडतेस. तू नको रडूस, ताई, त्यांना सांभाळत बसावं लागेल तुला.

…प्रत्येकीला काय विचारतायत?… नाव?

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. गृहस्थांचं तोंड अजून उघडंच होतं.

तुझ्यापाशी आले?… मग सांग की. नुसतं 'ताई' नको. पूर्ण नाव सांग, वडिलांचंही… मोठ्याने, त्यांना कमी ऐकू येतं.

…हं. ऐकलं मी.

ठेव आता.