परसातली दोन झाडं आणि भिंतीपलीकडचे ओव्हरसियर

...नाही, तुम्ही हसाल, पण मला एवढंच सांगा, स्वतःच्या घराच्या मागच्या पायरीवर बसून संध्याकाळचा चहा गुपचूप प्यावा म्हटलं तर माणसानं काय पाप केलं हो? दिवसभर ऑफिसात साहेबाचं ऐकायचं, घरी आलं की हिचं ऐकायचं, मग उरला तो एक कप चहा आणि ती पायरी, तेवढी तरी माझी असू द्या की! पण नाही. कारण मागे भिंतीला लागून दोन झाडं. कुणी लावली नव्हती, आपली आपण उगवली आणि माजली. मुळं शिरली मोरीच्या पाइपात, म्हणजे आंघोळीचं पाणी घोट्यापर्यंत, आणि पाला... पाला पडायचा भिंतीपलीकडे. आणि भिंतीपलीकडे कोण? रिटायर्ड ओव्हरसियर!

तुम्हाला सांगतो, जन्मभर दुसऱ्यांना काम करताना बघण्याचा पगार खाल्लेला माणूस, तो रिटायर झाला म्हणून बघायचं सोडतो होय? मी कपाला ओठ लावला रे लावला की भिंतीवर डोकं हजर. "तुमचा पाला आलाय." जसं काही मी एकेक पान पत्ता लिहून पाठवतो! वर सल्ले. ही फांदी छाटा, ती ठेवा, मुळाशी चुना टाका, नाहीतर पस्तावाल. झाड आमचं, अक्कल जगाची!

शेवटी म्हटलं, मुळावरच घाव घालू. झाड नाही, पाला नाही, ओव्हरसियर नाही. झाडं तोडणाऱ्याला बोलावलं. तर हे पलीकडे स्टुलावर उभे राहून त्याला हात करतायत, डावीकडे घ्या, अहो डावीकडे... त्यानं बिचाऱ्यानं घेतलं डावीकडे, आणि फांदी आली थेट आमच्या कपड्यांच्या दोरीवर, माझ्या दोन शर्टांसकट. तो मला हळूच विचारतो, साहेब, मालक नक्की कोण?

मग आमची ही म्हणाली, एवढं लाकूड पडलंय, थंडीही आहे, शेकोटी करू या. आता ओलं लाकूड जाळू नये, वाळू द्यावं, हे तो झाडवाला बजावून गेला होता, पण आमच्या घरात दम कुणाला? त्याच संध्याकाळी काडी लावली. पेटतंय कसलं, नुसतं धुमसत बसलं! आणि सगळा धूर गेला भिंतीपलीकडे. म्हटलं वा, पाल्याची फिटंफाट झाली! तेवढ्यात ओव्हरसियर दारात, काखेत घडीची खुर्ची. म्हणे, घरात धुरानं बसवत नाही, तुमच्याकडे हवा बरी आहे. आणि आमची ही, "या ना काका, शेकायला." सख्खी बायको हो, सख्खी!

मग काय, रोज. ओंडका आडवा नको, उभा लावा. फुंकर वरून नको, खालून घाला. मी फुंकून फुंकून डोळे लाल केलेत, आणि हे खुर्चीत तळवे शेकत बसलेत. लाकूड आमचं, अक्कल जगाची! मी मनाशी म्हणायचो, थांबा, लाकूड वाळेल, धूर जाईल, मग कुठल्या तोंडानं याल? लाकूड वाळलं. धूर गेला. ओव्हरसियर म्हणाले, आता खरी मजा.

तेव्हा मी निराळाच डाव टाकला. जाळा! एकाच्या जागी तीन ओंडके घालायला लागलो. हिला वाटलं, ह्यांना थंडी बाधली. शेवटचा ओंडका तर मी असा लाडानं ठेवला, काय सांगू. त्याची राख झाली, तसे ओव्हरसियर त्या राखेकडे बघत गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प! मग खुर्ची घडी करून गेले. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. चहा संपेपर्यंत वाटलं.

आणि सकाळी पलीकडून कुऱ्हाडीचा आवाज. बघतो तर ओव्हरसियरांचं झाड आडवं! ज्याचं एक पान कधी आमच्याकडे पडलं नाही, ते गुणी झाड. आणि ओंडके भिंतीवरून धपाधप आमच्या परसात. म्हणाले, "तुमचं संपलं ना? म्हटलं, तुमची संध्याकाळ सुनी जायला नको."

मी हात लावून बघितलं. ओलंगच्च! म्हटलं, सुटलो. तोंड पाडून म्हणालो, काका, थंडी तर सरत आली, हे वाळायला पुढची थंडी उजाडेल हो.

तर वळसा घालून आमच्या परसात आले आणि खुर्ची उघडत म्हणतात कसे, "मग काय झालं? तोवर नुसतेच बसू."

आत बघून हिला सांगितलं, चहा दोन कप टाक.