न्यायाधीशांची दाढ

नाही नाही, बोलू नका साहेब, नुसती मान हलवा — इथे दुखतंय? आणि इथे हात लावला तर? — बास, बास, कळलं. खालची, शेवटून दुसरी. आत पू धरलाय. सुई दिलीय आता, हळूहळू ओठ जड होईल, जीभ लटपटेल, घाबरू नका. आणि मी कबूल केलंय ना फोनवर, केसबद्दल एक शब्द काढणार नाही, तर नाहीच काढणार. मला कळत नाही का, गावात दाताचा दुसरा डॉक्टर असता तर तुम्ही माझ्या खुर्चीत कशाला बसला असतात? होता एक, चांगला होता, गेला परदेशी. निवडणुकीनंतर बरेच गेले — बघा, काढलाच विषय. सोडा. मोठं उघडा तोंड. अजून.

दात फार झिजलेत हो तुमचे. झोपेत दात खाता का? घरच्यांना विचारा, त्यांना माहीत असणार. वाईट वाटून घेऊ नका, हल्ली माझ्याकडे जो येतो त्याचं हेच. शाळेतले मास्तर, पोस्टातल्या बाई, पोलीस चौकीतला हवालदारसुद्धा — सगळे झोपेत दातावर दात घासतायत. दिवसा तोंडातून शब्द काढायचा नाही म्हटल्यावर तो जाणार कुठे? माझेही झिजलेत. माझे कोण बघणार?

हे मशीन मी चालूच ठेवतो, चालेल ना? कानाला त्रास होतो खरा, पण हे चालू असलं की बाहेर जिन्यात तुमचा तो बंदूकवाला बसलाय त्याला आतलं काही ऐकू जात नाही. घरी आम्ही नवरा-बायको न्हाणीघरात जाऊन बोलतो, दार लावून, नळ सोडून. या वयात! शेजाऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे — हसू नका हो, अवजार हलतं हातातलं. म्हणजे बघा, माझ्या स्वतःच्या घरात मला माझ्या बायकोला ‘पोरगी जेवली असेल का गं’ एवढं विचारायचं तर बादली भरून वाहायला लागते.

मी केसबद्दल बोलत नाहीये. मी माझ्या मुलीबद्दल बोलतोय. बापानं मुलीबद्दल बोलू नये असा कायदा अजून झालेला नाही ना? झाला असला तर सांगा, हल्ली सकाळचा कायदा संध्याकाळी राहत नाही. घरात तिला आम्ही बारकी म्हणतो. माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, तरी बारकीच. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स. तुमची नात तिच्याच हातची, ठाऊक आहे ना? पायाळू होती. तुम्ही बाहेर बाकावर डोकं धरून बसला होतात आणि हिनं बाहेर येऊन सांगितलं, आजोबा, उठा, नाक तुमच्यावर गेलंय. सांगितलं होतं की नाही? — हां. आठवतंय.

तर ते प्रसूतिगृह विकायला काढलं. रस्त्यावरची जागा, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही? त्यावरून ही उभी राहिली नगराध्यक्षपदाला. मी म्हटलं, अगं वेडे, तुला सभेत बोलता येत नाही, तू आयांना कळा द्यायला सांगणारी बाई. तर म्हणते, बाबा, तेवढंच तर करायचंय, जोर लावा म्हणायचं. आणि निवडून आली हो! शाळेच्या ओट्यावरून कर्ण्यातून आकडे सांगितले तेव्हा मी तिथे होतो. माझ्या वडिलांनी जन्मात मतपेटी पाहिली नाही, साहेब. त्यांच्या वेळी वरून माणूस यायचा आणि तोच साहेब व्हायचा. मी पहिलं मत दिलं तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. बोटावरची शाई पुसली जाऊ नये म्हणून मी हातमोजे घालून जेवलो होतो, बायको अजून चिडवते. आपल्याला वाटलं, मिळालं एकदाचं, आता राहील. पोरांना तर वाटायचं, हे असतंच. नळाला पाणी असतं तसं.

थुंका. डाव्या बाजूला. ओठ जड झाला? गाल? — छान. आता आत जातो.

मग काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सील नीट नव्हतं म्हणे पेट्यांचं. निवडणूक रद्द, जुनेच लोक खुर्चीत. मी म्हटलं, बारके, सोड. तर म्हणाली, नाही बाबा, कोर्ट आहे ना. किती सहज म्हणाली हो! कोर्ट आहे ना. तुमच्या भरवशावर बसली ती. पहिली तारीख, दुसरी तारीख, साहेबांची बदली, नवे साहेब, म्हणजे तुम्ही, पुन्हा तारीख. आणि आजची तारीख या दाढेमुळे गेली. दाढ खरंच खराब आहे, मी साक्ष देईन. मला तेच तर कळत नाही. काहीच मोडलेलं दिसत नाही कुठे. पेपर रोज सकाळी दारात पडतो. नगरपालिकेवर झेंडा आहे. कोर्टाबाहेर पाटी आहे, पट्टेवाला आहे, तारखा पडतायत. कुणाला दाखवू आणि सांगू की हे बघा, इथे मोडलंय? दात असतो ना तसा, वरून पांढरा, आणि आत नस मेलेली. लोकही तसेच. जे त्या दिवशी रस्त्यावर नाचले तेच आता म्हणतात, काय गरज होती तिला?

पालिकेच्या पायऱ्यांवर बायका बसल्या, कुणीतरी दगड मारला, आणि चिथावणीचा गुन्हा हिच्यावर. ही तेव्हा प्रसूतिगृहात होती साहेब! बाळ अडलं होतं, कोपरापर्यंत हात रक्तानं भरलेले होते हिचे, दगड कुठून मारणार? ती काही गुंड नाही हो. घाबरट आहे. इंजेक्शन दुसऱ्याला देते, स्वतःला घेताना रडते. परवाच अक्कलदाढ दुखत होती तिची, मी बॅटरी तोंडात धरून बघत होतो, कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं होतं तिला, तर माझा हात असा घट्ट —

नाही. परवा म्हणजे... परवा म्हणजे मागे. मागे कधीतरी. फोनवर सांगितलं तिनं, दाढ दुखते म्हणून, मी म्हटलं गरम पाण्याच्या गुळण्या कर. ती इथे नाही. सीमेपलीकडे गेलीय केव्हाच, मी चौकीत तसं लिहून दिलंय. असं बघू नका माझ्याकडे. मी म्हातारा झालोय, कालचं आणि वर्षापूर्वीचं एक होतं माझं. साहेब, हात खाली ठेवा. मी काही करणार नाही तुम्हाला, हे बघा, ठेवलं अवजार. ठेवलं. मी पाया पडतो तुमच्या. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही —

काय? नीट बोला, जीभ जड आहे तुमची. — गोदाम?

मी गोदाम म्हटलं नाही. मी गठ्ठा म्हटलं. कापडाचे गठ्ठे दुकानात असतात, शिंप्याकडे असतात, माझ्या मेव्हण्याचं गोदाम आहे हे तुम्हाला कुणी... — हळू. पुन्हा सांगा. सकाळी? काय सकाळी? — सही.

तुम्ही सही केलीत. त्या गोदामाच्या झडतीच्या हुकमावर. आज सकाळी. कोर्टात बसवत नव्हतं, दाढ ठणकत होती, पण सही करता आली. आणि मग तुम्ही माझ्याकडे आलात, माझ्या खुर्चीत, ‘आ’ करून. मी तुमच्या तोंडात हात घालून तुम्हाला नातीची आठवण करून देतोय आणि तुम्ही छताकडे बघत सगळं ऐकून घेताय! का आलात? दाढेसाठी? की सांगायला? — रडू नका. रडायचं नाही, मला वेळ नाही तुमच्या रडण्याला. कधी जाणार आहेत ते? कधी? — अंधार पडायच्या आधी. म्हणजे आता. बाहेर ऊन कलायला लागलंय, म्हणजे आताच की.

तिला हलवा म्हणताय. कुठे हलवू? कुणाच्या घरी? बायकोला कळवू कसं, फोनवर तर — थांबा, थांबा, मला विचार करू दे. स्टेशनकडे नको. प्रसूतिगृहातली आया आहे, तिची बहीण... नाही, हे तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला आता काही सांगत नाही. पुन्हा सही मागितली तर कराल ना तुम्ही? — बघा. मान खाली. निदान खोटं तरी बोलत नाही.

दाढ उघडी आहे तुमची. यात निदान कच्चं सिमेंट तरी भरायला हवं, नाहीतर फार वाईट ठणकेल. थांबा, दोन मिनिटांत कालवतो. — राहू दे? असंच राहू दे म्हणताय? अहो, भूल उतरली की भिंतीवर डोकं आपटाल. — बरं. बरं. हा कापूस दाबून धरा.

कोण आहे? — हो हो, झालंच! निघालेच साहेब! — तो दार वाजवतोय तुमचा. उठा. रुमाल घ्या, डोळे पुसा आधी. त्याला सांगा, डॉक्टर अजून हत्यारं धुतायत. बोलता येत नसेल तर नुसता हात हलवा. आणि ऐका, चक्कर आल्यासारखं करा, त्याच्या खांद्यावर सगळा भार टाका, जिना सावकाश उतरा, एकेक पायरी. एवढं तरी कराल? — पुढच्या दारानं जा तुम्ही. मागचं मला हवंय.