बार कशाचा

(पेण, रामवाडी. वृंदा वकिलांचं घर. दिशाच्या मांडीवर तान्ही ऋतुजा झोपलेली.)

दिशा : पोलिसांत जबाब द्यायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "गो दिशा, बार ऐकलास खरा, पन कशाचा त्ये ठावं हाय तुला?" मी म्हटलं, आई, बी.एस्सी. झालेय मी. बंदुकीचा आवाज कळतो मला.

वृंदा : मग?

दिशा : मग काही नाही. त्यांचा नवरा गेलेला, आणि त्या वाल सोलत बसल्या.

वृंदा : दिशा, मी साईराजची वकील. तुझा दीर बापाच्या खुनासाठी तुझ्याच साक्षीवर आत आहे. इथे आलीस हे तुझ्या नवऱ्याला, जितेशला माहीत आहे?

दिशा : ऋतुजाला डोस द्यायला माहेरी जाते, एवढंच सांगितलंय.

वृंदा : जबाबात आहे, शेतावर बार झाला तेव्हा तुझा नवरा घरात, तुझ्यासमोर चहा पीत होता.

दिशा : होता.

वृंदा : बंदुकीवर साईराजचे ठसे आहेत.

दिशा : जितेशचेही असतील. रानडुकरं हाकलायला दोघंही न्यायचे.

वृंदा : साईराज म्हणतो, बंदूक घरातच होती. त्याच्या हातात माकडं हाकलायचा, नुसता आवाज काढणारा कार्बाइडचा पाईप होता. त्याचाच बार काढला आणि तो ओढ्यावर गेला. परत आला तर वडील पडलेले.

दिशा : वालाच्या दिवसांत आमच्या अख्ख्या खांब गावात पाईप वाजतात. ही पोटात असल्यापासून ऐकतेय. भांडं पडलं तर रडेल, पाईपला कूस बदलत नाही.

वृंदा : त्या संध्याकाळी?

दिशा : त्या बाराला झोपलेलीच होती. नंतर उठली. जितेश गाय बांधायला म्हणून बाहेर गेला, त्यानंतर. दचकून, हात असे ताठ. दूध घेईना.

वृंदा : दुसरा आवाज झाला होता?

दिशा : झाला. मला वाटलं, पुन्हा साईराजचा पाईप.

वृंदा : हे जबाबात नाही.

दिशा : बार कधी झाला, एवढंच विचारलं. मी पहिला सांगितला.

वृंदा : तान्ह्या बाळाची साक्ष कोर्ट धरत नाही गं.

दिशा : माझी धरली ना.

वृंदा : हे बोललीस तर साईराज सुटेल कदाचित. पण मग हिच्या बापाला विचारतील, गाय बांधायला इतका वेळ का लागला.

दिशा : माहीत आहे. शेत साईराजच्या नावावर करतो म्हणाले सासरे, तेव्हापासून जितेश त्यांच्याशी बोलत नव्हता. मी कोर्टात सांगेन, ताई. आज रडू येत नाहीये, म्हणून तुम्हाला आजच सांगितलं; उद्या जमेल न जमेल.

वृंदा : घरी कोण आहे आता?

दिशा : सासूबाई आणि जितेश. काल फोनवर हळूच म्हणाल्या, "जितेश इचारीत व्हता, आये, तू किती बार ऐकलेस."

वृंदा : काय सांगितलं त्यांनी?

दिशा : ते सांगायच्या आतच त्यांनी फोन ठेवला. ताई, उद्या रोह्याला कोर्टात जाताना खांब लागेल. जरा गाडी थांबवून बघाल, सासूबाई ओटीवर धडधाकट बसल्यात का?