पडल्याची खबर

(दुपार. चौथ्या मजल्यावरचं घर. दार उघडं. थोरला भाऊ चौकटीला धरून धापा टाकतो आहे. धाकटा आत उभा.)

धाकटा : नाही पडलो रे दादा. हा काय, तुझ्यासमोर धडधाकट उभा आहे.

थोरला : मग ती बाई खोटं बोलली?

धाकटा : कुठली बाई?

थोरला : फोनवरची. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. चष्म्याची एक काच बसवून झालेली, दुसरी हातात. बाई तुझं नाव घेऊन म्हणाली, हे जोरात पडलेत आणि उत्तर देत नाहीत. पाठोपाठ या घराचा नकाशा. गिऱ्हाइकाला एका डोळ्यावर सोडून आलोय. वाटेत नऊदा फोन केला तुला.

धाकटा : वाजलाच नाही. नवा फोन कालपासून मुका झालाय. कुठलंतरी बटण दाबलं गेलं, आता ते सापडत नाही. आणि ती बाई नव्हे, माझं घड्याळ होतं ते.

थोरला : घड्याळाला काय कळतं, तू पडलास की नाही?

धाकटा : टेबलावर मूठ आपटली मी. त्याला वाटलं, कोसळलो. मग सुरू झालं, ठीक आहात ना, ठीक आहात ना. काढून उशीखाली कोंबलं.

थोरला : मूठ कशाला आपटायची?

धाकटा : तू असतास तर डोकं आपटलं असतंस. पोरीने वाढदिवसाला घड्याळ पाठवलं. ते म्हणालं, तुमचा फोन जुना आहे, माझं त्याच्याशी जमणार नाही. या नव्या नवरीपायी चांगला चालता फोन बदलायला गेलो. दुकानातल्या मुलीने जुना ठेवून घेतला, म्हणाली, सगळं इकडे आणलंय. घरी येऊन बघतो तर नवा फोन विचारतो, तुम्ही तुम्हीच कशावरून? जुन्या फोनवर आकडे पाठवलेत, ते सांगा.

थोरला : आणि जुना दुकानात.

धाकटा : धावत गेलो. तोवर तिने तो पुसून कोरा केलेला. वर मलाच विचारते, काका, बॅकअप घेतला होता ना?

थोरला : जुना फोन लगेच हातचा सोडायचा नसतो. नवा आठवडाभर नांदू द्यायचा, मग जुना द्यायचा. आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा.

धाकटा : लिहिलाय. कुठल्या वहीत ते आठवत नाही. तेहतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आणि आता हे मनगटावरचं मास्तर मला सांगतं, फार वेळ बसलात, उठा. उठून हिच्यावर ओरडलो तर म्हणतं, दीर्घ श्वास घ्या. हिची आणि त्याची चांगली गट्टी जमलीय.

थोरला : माझा नंबर त्यात कुणी घातला?

धाकटा : मी नाही घातला. त्या मुलीने जुन्यातलं जसंच्या तसं उचललं. संकटात कुणाला कळवायचं, त्या रकान्यात तू होतास. पूर्वीपासून.

थोरला : काढला नव्हतास.

धाकटा : कसा काढतात ते माहीत नव्हतं.

थोरला : तीन वर्षं?

धाकटा : हो, तीन वर्षं. मला काय मोजायला लावतोस? हिचं ऑपरेशन होतं, घरच्या ग्रुपवर मी लिहिलं. लांबच्या नातेवाइकांनी चार चार ओळी लिहिल्या, आणि सख्ख्या भावाने काय धाडलं, तर अंगठा.

थोरला : मीही लिहीत होतो. अर्धा तास.

धाकटा : मला तर काही दिसलं नाही.

थोरला : त्याच आठवड्यात जावयाने फोन बदलून दिला होता. त्यात आपली अक्षरंच सापडेनात. 'काळजी' लिहायला जावं तर भलतंच उमटायचं. समोर अंगठा दिसला, तो दाबला. वाचलंय एवढं तरी तुला कळावं म्हणून.

धाकटा : मग फोन करायचास.

थोरला : केला. बंद होता.

धाकटा : दवाखान्यात बंद करायला लावला होता रे.

थोरला : मला वाटलं, रागाने बंद केलास. दुसऱ्या दिवशी तू ग्रुपही सोडलास.

धाकटा : बस आधी. पाणी घे. वहिनी कशी आहे?

थोरला : लेकीकडे गेलीय, बाळंतपणाला. जाऊन तिसरा महिना चालू आहे.

धाकटा : म्हणजे घरी तू एकटा. आणि कोपराला ही पट्टी कसली?

थोरला : न्हाणीघरात पाय घसरला, गेल्या बुधवारी. तासभर उठताच येईना.

धाकटा : कुणाला कळवलंस?

थोरला : कुणाला कळवणार? मग आलं उठता.

धाकटा : फोन दे तुझा इकडे. त्या संकटाच्या रकान्यात माझा नंबर घालतो.

थोरला : घालायला नको.

धाकटा : आता तरी हट्ट सोड, दादा.

थोरला : हट्ट नाही रे. आहे तुझा नंबर त्यात. फोन तेवढा बाहेरच्या खोलीत राहिला होता.