अकरा नंबरच्या भागाबाई

धुळ्याहून शिरपूरला निघालेल्या एसटीत शिल्पाच्या पुढच्या बाकावर एक म्हातारे आबा आणि त्यांची डॉक्टर लेक बसली होती. दोघांनी सोनगीरची तिकिटं काढली होती, आणि त्यांचं बोलणं शिल्पाला आपसूक ऐकू येत होतं.

“राजीनामा दिधा? बारा वरीसनी नोकरी, मेघा!”

“दिला, आबा. गेल्या महिन्यात वॉर्डाबाहेर एका बाईनं विचारलं, माझी माय कशी आहे? मी म्हणाले, अकरा नंबर गेला.”

“मंग?”

“मृत्यूच्या दाखल्यावर सही केली आणि चहा मागवला. निम्मा चहा पिऊन झाल्यावर कळलं, मी काय बोलले ते.”

“तू थकेल व्हती, बेटा.”

“दोन वर्षं थकलेय, आबा. आधी कुणी गेलं की रडू यायचं. आता काहीच होत नव्हतं, त्याचीच भीती वाटली.”

“त्या बाईले परत भेटनी का?”

“तिच्या घरी गेले. माफी मागितली. तिच्या आईचं नाव विचारलं. भागाबाई.”



“आते काय करशी?”

“महिनाभर आराम. मग नर्सिंगच्या मुलींना शिकवीन. पेशंटच्या माणसांशी बोलायचं कसं, तिथूनच सुरुवात करीन.”

“गावमा मी सांगसू सगळास्ले. घर जाईसन माफी मांगणारा डॉक्टर मी तर आजलोंग देखेल नही.”

सोनगीर आलं. कंडक्टरनं हाक दिली. मेघाचं डोकं आबांच्या खांद्यावर कलंडलेलं होतं. शिल्पा तिला उठवायला पुढे वाकली, तर आबांनी तिला हातानंच थांबवलं.

“भाऊ, आमले पुढलं नरडाणानं तिकीट द्या. पोर झोपेल शे.”