कापसाची तहान

अठराशे चौसष्ट साली कापसाला सोन्याचा भाव आला आणि गाड्यांच्या गर्दीने अमरावतीच्या बाजारातली विहीर आटू लागली. रांगेत माझ्यापुढे भाजीवाली माणिकबाई होती. बाजारपंच शेषराव तिच्याशी बोलत होते.

"उद्यापासून घागरीले एक पैसा. विहीर खोल करा लागते."

"मंग मी दिवसभर भाजी इकून निरं पाणीच पेऊ का, भाऊ?"

"पैसा कोणाजवळून घेऊ मंग?"

"जो जास्त पेते त्याच्याजवळून."

"बैलं?"

"कापूस. तोलाच्या आधी गाडीवाले त्याच्यावर किती घागरी शिंपडून राहिले, दिसत नाई तुमाले?"

"वजन वाढवाले सारेच शिंपडतेत, बाई."

"मंग साऱ्याच गाड्यांले चार पैसे लावा. आमची घागर फुकट."

"काहून देतीन ते?"

"नाई दिले तर कोरडा कापूस तोला."

"माहीबी गाडी हाये त्याच्यात."

"तिच्यापासूनच सुरू करा."

पहिले चार पैसे शेषरावांनीच भरले. उन्हाळ्याआधी विहीर खोल झाली. पुढे कापसाचा भाव पडला, शेषराव पंचकी सोडून शेतावर राहायला गेले. माणिकबाई म्हातारपणापर्यंत त्याच बाजारात वांगी विकत होती. माझ्या नातसुना अजून तिथेच घागर भरतात, फुकट.