तिसऱ्या मजल्याचा नळ

— नाही रे रघू, अडवत नाही मी तुला. कागद आहे तुझ्याजवळ, वरच्याची सही आहे, रस्त्यावरचा हा नळ बंद कर म्हटलंय तर तू करणारच. मी एवढंच म्हणतो, पाना जरा खाली ठेव. माझी ही कळशी भरू दे. धार बारीक आहे, वेळ लागेल — तुला काय सांगायचं, माझ्याच हाताखाली चावी फिरवायला शिकलास तू. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, ते काळाचौकीभर आपण दोघांनी पायांनी पाठ केलेलं. आता तुझेही केस पिकले. चहा सांगू? नको? बरं.

मी मुंबईत आलो तेव्हापासून हा नळ इथं आहे. गावाला आमचं पाणी कसं होतं, सांगितलंय ना तुला? विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत ओतायचा — नाही आली तर नाही. इथं पहिल्या दिवशी या नळाखाली तोंड धरलं नि मागं वळून बघितलं, कोण ओरडतंय का. मागं एक मालवणी बाई हंडा घेऊन उभी. म्हणते, ‘आटप रे मेल्या, माका भात टाकूचो आसा.’ एवढंच. तिला घाई होती, बाकी काही नव्हतं. रस्त्यावरच्या नळाचं हेच — त्याला मालक नाही, म्हणून त्याला लहर नाही. चाळीच्या अंगणातला तो बघ, मालकाचा. कुलूप दिसतंय ना? परवा शेजारच्या लतिकाच्या नवऱ्यानं मेहताजीला — मालकाचं भाडं गोळा करतो तो — उलट उत्तर दिलं, तर दोन दिवस कुलूप. सगळ्या चाळीला. आणि गोळीबाराच्या वेळी, छप्पन साली, पोरं अश्रुधुरानं डोळे चोळत गल्लीत धावत आली, तेव्हा चाळीचं फाटकच लावून घेतलेलं. डोळे धुतले ते या नळावर. आता म्हणतात, मुंबई आपली होणार, फार दिवस राहिले नाहीत. होईल. पोरं मेलीत तिच्यासाठी. पण रघू, हा नळ तर आधीपासूनच आपला होता ना?

काय? अर्ज चाळकऱ्यांचाच आहे? हो... दाखव. हा पहिला अंगठा ना — ओळखतो मी, माझाच. मधे चीर आहे बघ, चावीनं पडलेली. मेहताजी म्हणाला, प्रत्येक मजल्यावर नळ देतो, अंगठे द्या. खाली लिहिलंय की रस्त्यावरचा नळ आता नको, ते मला वाचता कुठं येतं? पण ते जाऊ दे, ते एक वेळ चाललं असतं. लोकांनी मला विचारलं रे — चाळीस बिऱ्हाडांनी — भिवातात्या, तुम्ही चावीवाले, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेल का? आणि मी म्हटलं, चढेल.

असा बघू नकोस. ठाऊक आहे, तुलाही नि मलाही. या लाइनीला जोर पहिल्या मजल्यापुरता, पंपाशिवाय वर थेंब जात नाही. पंप काही मालक बसवणार नव्हता, तेही दिसत होतं. पण आमची ही, सुभद्रा, शेजारी बसली होती. जन्मभर तीन मजले हंडे चढवले तिनं. आता डोळे गेले, जिना उतरवत नाही, दुसऱ्यानं आणलेलं पाणी पिताना संकोचते — माझ्याकडूनसुद्धा. दाराशी नळ म्हटल्यावर तिचा चेहरा तू बघितला असतास तर तूही चढेल म्हणाला असतास. पहिल्या दिवशी मेहताजीनं गच्चीवर पिंप भरून ठेवलं नि धार सोडून दाखवली. सुभद्रा ओंजळीनं प्यायली. हसली. मग पिंप संपलं.

तिला कुठं माहीत आहे. ती उठायच्या आत मी इथून कळशी भरतो, वर नेतो, त्या कोरड्या नळाखाली ठेवतो. सांगतो, पाणी पहाटेचं येतं, तू झोपेत असतेस. बोटं बुडवून बघते ती. म्हणते, आपल्या दाराचं पाणी गोड लागतं. चाळीत सगळ्यांना माहीत आहे — त्यांचंही पाणी माझ्या एका शब्दापायी गेलं, पण तिला कुणी बोललं नाही. मलाही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आज सकाळी म्हणाली, उद्या मला उठवा, एकदा माझ्या हातानं नळ फिरवीन. मी म्हटलं, उठवीन.

अर्धीच भरली. असू दे, उद्यापुरती होईल. तुला पुढच्या गल्लीत जायचं असेल, आवळ तू — असं नाही, आधी जरा मागं घे, मग आवळ, नाहीतर आटे झिजतात नि गळत राहतं. हां. अजून थोडं. आता नाही गळणार.

कळशीला हात लावू नकोस. मीच नेतो. जिन्यात दुसऱ्याची पावलं ऐकली तर विचारील, पाणी खालून कशाला आणलं. जा तू.